कालव्यात आधी उतरणारा माणूस

अहो, पाणी आलं.

शुक्रवारी सकाळी कालव्याला पाणी सुटलं आणि आपल्या घरात ते कुणालाच आधी माहीत नव्हतं. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नाही. तुम्ही कालव्याचं पाणी वाटणारे पाटकरी. धरणावरून पाणी निघालं की पहिली खबर आपल्या ओसरीवर यायची, आणि मग सगळं गाव चौकशीला यायचं, कुणाच्या हळदीला आधी, कुणाच्या गव्हाला नंतर. या वेळी मी अंगणवाडीला निघाले तर पुलाखालून आवाज आला. मी तिथंच थांबले आणि रडले, ते रागानं रडले. मला न सांगता पाणी सोडणारं हे कोण, असलं काहीतरी डोक्यात आलं होतं. शेजारच्या गयाबाईनं पाठीवर हात ठेवला. "चाल वैनी, लेकरं वाट पाहून राहिली," म्हणाली. मग गेले.

तुम्हाला जाऊन अजून महिनाही झालेला नाही. नाताळची गाणी झाली, वाजवायच्या पेटीला पुन्हा कापड गुंडाळून ठेवलंत, छातीत कळ आली म्हणालात, आणि वसमतच्या दवाखान्यात पोचायच्या आत सगळं आटोपलं. त्याबद्दल मला काही लिहायचं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी ते इतक्यांदा विचारलं आणि मी इतक्यांदा सांगितलं की आता ते दुसऱ्याच कुणाच्या घरात घडल्यासारखं वाटतं. मला लिहायचंय ते आपल्या भांडणाबद्दल. भांडण अर्धं टाकून उठून जायची तुमची जुनी खोड, ती शेवटपर्यंत गेली नाही. आणि रविवारी कालव्यावर जे झालं ते सांगायला मला तुमच्याशिवाय दुसरं माणूस नाही.

पाणी आलं म्हणजे बाप्तिस्मा आला. दुसऱ्या गावांतल्या ख्रिस्ती मंडळ्या सणावारी बाप्तिस्मा ठेवतात. आपल्याकडे मात्र येशूला मानणारी मूठभर घरं, ना चर्चची इमारत ना पाण्याचा हौद, आणि गावातल्या विहिरी मागायची सोय नाही. नदीला दिवाळीनंतर गुडघाभरही पाणी राहत नाही. म्हणून आपल्याकडे बाप्तिस्म्याचा मुहूर्त काढायचा तो धरणानं. कालव्याला पाण्याची पाळी सुटली की पुढच्या रविवारी पुलाजवळच्या पायऱ्यांवर मंडळी जमायची. कालवा भरून चाललेला, पाण्याला ओढ अशी की रिकामी कळशीसुद्धा हातातून जाते. मंडळीचे पाळक पायऱ्यांवर उभे राहायचे, पण त्यांच्याही आधी, सगळ्यांच्या आधी तुम्ही उतरायचात. खालच्या पायरीच्या पुढं, छातीभर पाण्यात, वाहत्या धारेच्या बाजूला. येणाऱ्याला तुम्ही हात द्यायचात, पाळक त्याला बुडवून वर काढायचे, आणि कुणाचा पाय सुटलाच तर तो तुमच्या अंगावर यायचा. एका पाळकांनी तुम्हाला विचारलं होतं की गेट तुमच्याच हातात आहे तर तेवढा वेळ ते थोडं खाली का घेत नाही. तुम्ही म्हणालात, "पाणी शेतकऱ्याचं हाय, साहेब. आमी त्येच्यात उभं राहून राहिलो हेच खूप झालं."

मी काठावर असायचे. टॉवेल धरून. मंडळीत माझं काम तेवढंच होतं आणि ते मी चोख केलं.

सगळं सुरू झालं पेटीपासून. आठवतं ना? आपली ज्योती तेव्हा रांगत होती. मंडळीतल्या दाजीबाच्या घरी रविवारी गाणी म्हणायचे, त्यांच्याकडे पेटी होती आणि वाजवणारा नव्हता. तुम्ही कालव्यावरून येता-जाता ऐकायचात आणि तुमचा जीव खालीवर व्हायचा, कारण ते सूर सोडून गायचे. एक दिवस राहवलं नाही, जाऊन बसलात. मी विचारलं तर म्हणालात, "पेटीला कोणता धरम असतो?" पेटीला नसतो हे खरं, पण वाजवणाऱ्याला कान असतात. वर्ष गेलं, आणि एका संध्याकाळी मी भाकरी थापताना तुम्ही समोर येऊन बसलात ते तोंड उतरवून. मला वाटलं नोकरीचं काही बिनसलं.

"एक सांग," तुम्ही म्हणालात. "ज्येच्या अंगाला डागच न्हाई त्यानं काहून धुऊन घ्यावं?"

मग ती गोष्ट सांगितलीत. नदीकाठी योहान नावाचा एक रांगडा माणूस लोकांना बोलवून राहिलाय, आपली पापं कबूल करा आणि पाण्यात या. जकातवाले, शिपाई, लबाड, चुकलेले, सगळे रांग लावून उभे. आणि त्या रांगेत येशू. ज्याच्याकडं कबूल करण्यासारखं काहीच नाही तो. योहानच घाबरला, म्हणाला, अहो, मीच तुमच्या हातून घ्यायला पाहिजे. तर तो म्हणाला, असू दे, असंच होणं बरोबर आहे. आणि उतरला. पाळकांना तुम्ही याचं कारण विचारलं होतंत, त्यांनी सांगितलंही होतं, पण तुमचं समाधान झालं नव्हतं.

मी चिडलेच होते. चूल पेटत नव्हती, ज्योती रडत होती आणि तुम्हाला कोणत्या काळच्या नदीची काळजी. मी म्हणाले, "माझा बाप मेंढरं धुवाया काहून पाण्यात उतरतो? त्येच्या अंगावर लोकर हाय का?"

तुम्ही ते वाक्य स्वतःशी पुन्हा म्हणून पाहिलंत.

मी धनगराची लेक, हे तुम्हाला सांगायला नको. तुम्हीही आमच्यातलेच, पण तुमच्या वडिलांनी मेंढरं विकून कालव्याच्या कामावर घमेली उचलली, त्यामुळे तुम्हाला कळपातलं काही ठाऊक नव्हतं. नरसीजवळ आमच्याकडे कातरणीच्या आधी मेंढरं कयाधू नदीच्या डोहात धुतात. मेंढरू पाण्याला भलतं भितं. काठावरून ढकललं तर चार पाय रोवून उभं राहतं, मारलं तर उलटं फिरतं. म्हणून आधी माणूस उतरतो. पाण्यात आपला माणूस उभा दिसला की मेंढरू त्याच्याकडं जातं. बाबा कंबरभर पाण्यात उभे असायचे दुपार कलेपर्यंत, ओठ निळे होईस्तोवर. मी आणि माझा भाऊ महादू, आम्ही दोघंही तिथंच उभं राहायला शिकलो.

एवढंच मी बोलले होते, आणि तेही रागाच्या भरात. पुढच्या रविवारी तुम्ही ते मंडळीत सांगितलंत. मग दर बाप्तिस्म्याला सांगितलंत. एकदा हिंगोलीच्या मोठ्या सभेतसुद्धा सांगितलंत, लोकांनी माना डोलावल्या, आणि मी मागं सतरंजीवर बसून दात खात होते. माझा बाप, माझी चूल, माझं वाक्य, आणि शाबासकी पाटकऱ्याला. घरी येऊन मी भांडले तर हसत सुटलात. "बरं, पुढल्या खेपेला तुझं नाव घेतो," म्हणालात. घेतलं नाहीत ते नाहीतच.

पण खरं भांडण ते नव्हतं. बऱ्याच वर्षांनी तुम्ही म्हणालात, "तुझं म्हननं अर्धंच बराबर हाय." मी विचारलं, कसं? तर म्हणालात, "तुझा बाप धुनारा व्हता. येशू धुनारा म्हणून न्हाई उतरला. धुऊन घेनाऱ्याच्या रांगेत उतरला. ते कोडं अजून तसंच हाय." मी म्हणाले, तुमचं कोडं तुम्ही सोडवा, मला उद्या लेकरांची खिचडी शिजवायची आहे. त्यावरून आपण किती वेळा बोललो असू? कधी तुम्ही म्हणायचात, पाण्याखाली जाणं म्हणजे मरणच, त्यानं आपलं मरण आधीच अंगावर घेतलं. कधी म्हणायचात, त्यानं पाण्याला पाय लावला म्हणून ते पाणी आपल्याला चालतं. मला दोन्ही पटायचं आणि दोन्हीनं काही व्हायचं नाही. तुम्हालाही होत नव्हतं, तुमच्या तोंडावर दिसायचं.

आता महादूबद्दल. हे मी तुमच्यापाशी कधी बोलले नाही, आज बोलते.

तुमचा स्वतःचा बाप्तिस्मा ठरला होता त्याच्या आदल्या दिवशी महादू दोन माणसं घेऊन आला. तोवर बाबा वारले होते, घरचा कर्ता तोच. ओसरीवर घोंगडी टाकून तुम्ही सगळे बसलात. मी दाराआड चहाचं ताट धरून उभी होते. तो म्हणाला, "तुमी बुडा न्हाईतर तरा, दाजी, आमी आडवं येत न्हाई. पर आमची आक्का पाण्यात उतरली तर तिला माहेराचं दार बंद. आईचं तोंडबी दिसायचं न्हाई." आणि तुम्ही, क्षणभरही न थांबता, "मी तिला कधी म्हननार न्हाई. शब्द देतो." झालं. दोघा पुरुषांचा सौदा झाला, मी चहा घेऊन बाहेर आले, तुम्ही तो प्यालात. आत दाराआड कुणी उभं आहे, तिला काही म्हणायचं असेल, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

आणि तुम्ही शब्द पाळलात! असा पाळलात की मला वीट आला. तुम्ही भला माणूस, दिलेला शब्द मोडणार नाही हे मला माहीत होतं. पण दर वेळी बाप्तिस्मा झाला की तुम्ही सगळ्यांत शेवटी वर यायचात, दात वाजत असायचे, मी टॉवेलनं पाठ खसखसा पुसायचे, आणि तुम्ही माझ्याकडं बघायचात. तोंडावर प्रश्न लिहिलेला असायचा, पण विचारायचात दुसरंच, "चहा ठेवलास का?" एकदा विचारायचं होतंत हो. मी नाही म्हणाले असते, बहुतेक. किंवा काय म्हणाले असते ते मला तरी कुठं माहीत आहे? तुम्ही विचारलंच नाहीत, मग मला कळणार कसं? याचा मला अजून राग आहे, आणि तुम्ही मातीखाली गेलात म्हणून तो मी सोडणार नाही.

तो शिंपी आठवतो? आडदांड माणूस, हसत-हसत उतरला आणि पाणी छातीला लागताच बिथरला. पाळकांच्या गळ्याला मिठी मारली आणि दोघंही गेले. तुम्ही एकाची कॉलर धरली, दुसऱ्याचा दंड, आणि तिघं मिळून धारेला लागलात. मी काठानं पळत होते, टॉवेल छातीशी धरून. कुणी दोर टाकला नाही, कुणाजवळ दोर नव्हताच. पुढच्या वळणावर सिमेंटच्या कडेला तुमचा हात लागला तेव्हा तुमची नखं फाटली होती. वर आल्यावर मी सगळ्यांदेखत ओरडले, "मला रंडकी करता का?" तुम्ही धापा टाकत हसलात. "बाप्तिस्मा म्हंजे तेच की. बुडनं अन् वर येनं." मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही.  डोहात वाढलेली मी, आणि त्या दिवसापासून कालव्याला भ्यायला लागले, ते तुमच्यापायी.

सगळं काही भांडणच होतं असं नाही. हिंगोली जिल्हा वेगळा झाला त्या सुमारास ज्योती दहावीत गणितात नापास झाली. ती न जेवता आतल्या खोलीत बसली आणि मी तिला बोलून-बोलून तिचा जीव नकोसा केला. तुम्ही ड्यूटीवरून आलात, चिखलाच्या पायांनी तसेच आत गेलात. मी ऐकत होते. तुम्ही तिला अभ्यासाचं एक अक्षर बोलला नाहीत. म्हणालात, "तो पाण्यातून वर आला ना, तवा आभाळ उघडलं, अन् बाप बोलला की हे लेकरू माझं हाय, मला आवडतं. तवर त्यानं काय केलं होतं सांग? कुनाला बरं केलं न्हाई, एक उपदेश केला न्हाई. कायबी केलं नव्हतं, ज्योते. तरीबी बाप तसं म्हनला."  मग, "तू माझी हायस. चल, आईनं पिठलं केलंय." ती उठून जेवली. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की ही गोष्ट खरी असावी. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही लगेच ते मंडळीत सांगितलं असतं.

आता रविवार.

शनिवारी महादू आला. तुमच्या मातीला तो आला होता, पण कब्रस्तानाच्या कुंपणाबाहेर खांद्यावर घोंगडी घेऊन उभा राहिला आणि तसाच गेला. या वेळी मला न्यायला आला. "आता हितं काय हाय तुझं? ज्योतीबी तिच्या सासरी. आई रोज इचारती. उद्या दुपारच्या एस्टीनं निघू." खरंच, आईला आता नीट दिसत नाही. मी आले की माझ्या तोंडावरून हात फिरवते आणि मगच बोलते. मला जायचं होतं. मी पिशवी भरली. मग तो म्हणाला, "अन् उद्या त्या पाण्याकडं जाऊ नगं."

मी म्हणाले, "टॉवेल कोण धरंल?"

"आक्का, तुमची मान्सं काय ती बघतील. तुला आठवतं ना मी दाजीला काय म्हनलो होतो?"

"तू दाजीला म्हनला होतास," मी म्हणाले. "मला न्हाई."

त्यानं घोंगडी ओढली आणि ओसरीवर आडवा झाला. पण सकाळी मी टॉवेल घेऊन निघाले तर मागोमाग आला, आणि पायऱ्यांपर्यंत न येता पुलाच्या कठड्याला टेकून उभा राहिला.

बाप्तिस्मा तिघांचा होता, त्यातली एक कोंडाबाई. हो, तीच, बोरं विकणारी. तुम्ही तिला दोन पाळ्यांपासून समजावत होता. पाण्याला इतकी भिते की पूल ओलांडताना डोळे मिटते. तुम्ही तिला म्हणाला होता, "मी हाय ना खाली. डोळे मिटून ये." त्या भरवशावर तिनं होकार दिला, आणि तुम्ही गेलात. थंडी मरणाची होती. कालवा काठोकाठ, पाणी गढूळ, पायऱ्यांवर शेवाळ. नवे पाळक तरुण आहेत, चांगले आहेत, पण त्यांना हा कालवा नवा. दुसऱ्या पायरीवर गेले आणि थांबले. त्यांचा चेहरा मला दिसत होता.

"खाली कोण उभं राहतं?" त्यांनी विचारलं.

 तरणी माणसं साखर कारखान्याच्या हंगामावर गेलेली. दाजीबाचा गुडघा गेलाय. जे होते ते एकमेकांकडं बघायला लागले. त्या जागेवर कोण उभं राहतं हे इतकी वर्षं कुणी कुणाला विचारलंच नव्हतं. पाळक म्हणाले, आज डोक्यावर पाणी शिंपडू, तेही चालतं, देव पाण्याची खोली मोजत नाही. बरोबरच बोलले ते. पण कोंडाबाई खालच्या पायरीवर बसली आणि हलेना. "पाटकरी म्हनले होते पूरं बुडवतेत. पाटकरी म्हनले होते मी खाली हाय." दाजीबा म्हणाला, मग पुढच्या पाळीला घेऊ. तर म्हणाली, "पुढल्या पाळीपोतर मी ऱ्हाते का बाबा?"

आणि मग तिनं माझ्याकडं पाहिलं. 

अहो, मला भीती वाटली. नुसत्या पाण्याची नव्हे. पुलावर महादू होता. पाण्यात पाय घातला की आईचा हात माझ्या तोंडावरून पुन्हा फिरणार नाही, हे मला तेवढ्या वेळात लख्ख कळत होतं. काठावर उभं राहिलं तर मला कुणी काही म्हणणार नव्हतं. माझी जागा काठावरचीच होती. तुम्ही दोघांनी ती ठरवून दिली होती.

मी टॉवेल दाजीबाच्या हातात दिले. पदर खोचला आणि उतरले.

पाणी इतकं गार होतं की छातीतून आवाज निघाला. खालच्या पायरीपर्यंत ठीक होतं, पुढं पाय टाकला आणि शेवाळावरून सरकले. धार मांड्यांना लागली, मग कमरेला, आणि मला जाणवलं की मी सगळं विसरले आहे. डोह विसरले, बाबा विसरले.  मागं वळून वर जावं असं वाटलं, पण वळताही येईना. पायऱ्यांवर सगळे उभे, पाळक हात पुढं करून.

तेव्हा पुलावरून आवाज आला.

"आक्के! पान्याला पाठ देऊ नगं! कूस दे, कूस! पाय आडवा रोव!"

तो बाबांचाच आवाज, तसाच खरखरीत. मी कूस दिली. पाय आडवा रोवला. पाणी दोन्हीकडून वाहायला लागलं आणि मी उभी राहिले.

"ये कोंडाबाई," मी म्हणाले. "डोळे मिटून ये."

ती आली. तिनं माझा दंड असा धरला की अजून काळा-निळा आहे. तिचं अंग थरथरत होतं, माझंही थरथरत होतं, आणि कोण कुणाला धरून होतं ते मला सांगता येणार नाही. पाळकांनी पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावानं तिला बुडवलं. वर आली ती नाकातोंडातून पाणी काढत. "झालं?" म्हणाली. मी म्हणाले, "झालं." तर हसायला लागली, दात नसलेलं हसणं, आणि मला सोडेचना. मग दुसरे दोघं आले. तेही झाले.

शेवटी पाळक माझ्याकडं वळले. थंडीनं त्यांना नीट बोलता येत नव्हतं. "ताई, तुम्हीपण? आत्ता?" त्यांनी विचारलं. विचारलं, अहो! माणसानं माणसाला विचारलं, इतकं सोपं होतं ते.

मी म्हणाले, "आज न्हाई, साहेब. आज मी नुसती उभी हाय."

वर आले तेव्हा दाजीबाच्या बायकोनं माझी पाठ पुसली. पुलावर महादू नव्हता. एस्टी स्टँडवर गेला, एकटाच गेला. घरी त्याची पिशवी नव्हती, माझी भरलेली पिशवी तशीच कोपऱ्यात होती. माहेरच्या दाराचं त्यानं काय ठरवलंय मला माहीत नाही. पुढच्या आठवड्यात मी जाणार आहे. कुणी नेलं नाही तर स्वतः जाईन, आणि दार बंद असलं तर ओट्यावर बसून आईला हाक मारेन. तिला दिसत नाही, पण ऐकू येतं.

आज संध्याकाळी तुमच्या पेटीवरचं कापड झटकलं, आणि मग हे लिहायला बसले. अंग अजून ठणकतंय. डोकं मात्र कोरडंच आहे माझं, ते तुमच्या लक्षात यावं म्हणून लिहिते.

तुम्ही म्हणायचात, माझं म्हणणं अर्धंच बरोबर आहे. होतं अर्धंच. मी काठावरून बोलत होते, आणि काठावरून बाबा मला नुसते धुणारे दिसायचे. मी रविवारी उतरले ते तुमच्यासारखं खंबीर उभं राहायला, आणि खाली गेल्यावर कोंडाबाईइतकीच भ्यायले. तिला धरायला गेले आणि तिलाच धरून उभी राहिले. धुऊन घेणाऱ्यांच्या त्या रांगेतली झाले तेव्हाच ती माझ्याकडं आली.

ज्याच्या अंगाला डाग नाही त्यानं पाण्यात का उतरावं, हे तुम्ही इतकी वर्षं सगळ्यांना विचारलंत. आता मला विचारा.